शेवटच्या चार ओळी

बस सिग्नलला थांबली तेव्हा समोरच्या इमारतीची अख्खी भिंत व्यापून बसलेला एक चेहरा माझ्या खिडकीत नेमका मावला. कालपर्यंत त्या भिंतीवर गाद्यांची जाहिरात होती. चेहरा मंत्र्यांचा होता, म्हणजे ज्यांना सगळं शहर नुसतं साहेब म्हणतं त्यांचा, आणि त्याखाली पुरुषभर उंचीचे दोनच शब्द होते: जागता द्वारपाल. मागच्या सीटवर कुणीतरी विचारलं, "द्वारपाल म्हणजे काय रे?" दुसरा म्हणाला, "वॉचमनच. निवडणूक आली की वॉचमनचा द्वारपाल होतो." दोघे हसले. मीही हसले असते. पण ते दोन शब्द बाबांचे होते. शाई बदलली, आकार बदलला, तरी आपल्या माणसाचं अक्षर ओळखू यावं तसे ते मला ओळखू आले. बस हलली. मी पुढच्या थांब्यावर उतरले. तो माझा थांबा नव्हता. मला प्रकाशकांकडे जायचं होतं, बाबांच्या लेखांच्या पुस्तकाची शेवटची प्रुफं तपासून पाच वाजायच्या आत परत करायची होती. अजून अकराच वाजत होते. मी रस्त्याच्या कडेला उभी राहिले आणि पिशवीतली प्रुफं छातीशी धरली. कुणी ती हिसकावून घेईल अशी.

बाबांनी एकतीस वर्षं दर रविवारी एक सदर लिहिलं. त्यात कधीही कुठल्या पुढाऱ्याचं नाव आलं नाही. जुन्या नाटकातलं, काव्यातलं, कथेतलं एखादं पात्र ते उचलायचे, त्याची गोष्ट सरळ चेहऱ्याने सांगायचे आणि सदराखाली बारीक अक्षरात संदर्भ द्यायचे: अमुक नाटक, अमुक अंक. बस. सोमवारी सकाळपर्यंत शहराला कळलेलं असायचं की रडून रडून राज्य मागणारा तो धाकटा राजपुत्र म्हणजे कोण, आणि स्वतःच्याच पुतळ्याला रोज नमस्कार करणारा सरदार म्हणजे कोण. निदान सुरुवातीच्या वर्षांत कळायचं. संदर्भ तपासण्याचं काम माझं होतं. मी ग्रंथालयात काम करते. पुस्तकाचं पान, ओळ, आवृत्ती यांत चूक निघाली की मला पायात खडा गेल्यासारखं होतं. म्हणून बाबा मला मुकादम म्हणायचे. "आल्या आमच्या मुकादम. आता सगळ्या विटा मोजणार." मी खरंच मोजायचे. एखादं वाक्य चौथ्या अंकातलं असताना त्यांनी तिसऱ्यातलं म्हटलं असलं की मी लाल पेन्सिलीने गोल करायचे आणि ते चष्म्यावरून बघत म्हणायचे, "माझ्या वाचकाला तिसरा काय नि चौथा काय, त्याला पात्र कळलं पाहिजे." समजावून मात्र ते कधीच सांगत नसत. आडून बोललेलं उलगडून सांगितलं की ते मेलं, असं त्यांचं मत होतं. त्यातूनच दुसरा नियम आला होता. पान भरलं आणि सदर दोन ओळींनी जास्त झालं तर काय करायचं? "शेवटून काप. वर गोष्ट असते. खाली फक्त माझा मोह असतो."

द्वारपालाचं नाटक पाच अंकांचं, जुनं, आता कुठे मिळतही नाही. आमच्या ग्रंथालयातली एकुलती प्रतही वाळवीने खाल्ली म्हणून यादीतून कमी झाली, ती नोंद मीच केली. वेढा पडलेलं शहर. वेशीवरचा एक साधा पहारेकरी पाच रात्री डोळ्याला डोळा लावत नाही. पहिल्या चार अंकांत शहर हळूहळू त्याच्यावर विसंबायला लागतं; बायका त्याच्यासाठी पाणी ठेवतात, मुलं त्याच्या भाल्याला फुलं बांधतात, चौथ्या अंकाच्या शेवटी सगळे त्याला खांद्यावर घेतात. पाचव्या अंकात तो दार उघडतो. शत्रूसाठी. म्हणूनच तो जागा असतो. वीस वर्षांपूर्वी शहरातलं तळं बुजवायचं घाटत होतं, तेव्हा साहेब अजून साहेब झाले नव्हते, नुसता एक तरुण कार्यकर्ता होता. तो चाळीस दिवस तळ्याकाठी बसून राहिला, उन्हात, डासांत, पोलिसांच्या काठ्या खात. बाबा रोज संध्याकाळी तिकडे चालत जायचे. एकदा त्याच्यासाठी माझी छत्री घेऊन गेले, ती परत आली नाही. आणि त्या रविवारी त्यांनी सदरात पहिल्यांदाच कुणाची टवाळी न करता कौतुक केलं. जागता द्वारपाल हे नाव तेव्हाचं. मी लाल पेन्सिल घेऊन म्हटलं होतं, "बाबा, पण पाचव्या अंकात..." ते म्हणाले, "माहीत आहे गं. मी चार अंकांबद्दल लिहितोय. प्रत्येकाचा पाचवा अंक होतोच असं नाही." त्यांचा आवाज असा होता की मी पेन्सिल खाली ठेवली. तळं वाचलं. तरुण निवडून आला. सात वर्षांनी तळं बुजवायच्या कागदावर जी सही झाली ती त्याचीच होती. बाबांनी तो विषय नंतर घरात काढला नाही. तळ्याच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतींवरून जायला लागू नये म्हणून ते दवाखान्यातही लांबच्या रस्त्याने जायचे, आणि रिक्षावाल्याला सांगायचे की इकडे सावली असते. सावली नसायची.

शेवटचं सदर, पुन्हा द्वारपालावरचंच, त्यांनी दवाखान्यातल्या खाटेवर लिहिलं, सलाईन नसलेल्या हाताने, म्हणजे डाव्या. अक्षर पडलेल्या कुंपणासारखं झालं होतं. मी ते वाचायच्या आत वर्तमानपत्राचा माणूस पानं घेऊन गेला. शनिवारी दुपारी तिथल्या पान लावणाऱ्या काकांचा फोन आला. बाबांच्या सदराचं पान तेच लावायचे, पहिल्यापासून. "बाळ, चार ओळी जास्त होताहेत. बाबांना विचारतेस?" बाबांना नुकतीच झोप लागली होती. तीन दिवसांनी. मी खोलीबाहेर जाऊन हळू आवाजात म्हटलं, "शेवटून काढा ना काका, नेहमीसारखं." काका थोडे घुटमळले. "वाचून दाखवतो, मग सांग." ते वाचायला लागले. नाटक इथे संपत नाही. दुसरी ओळ, तिसरी ओळ. पाचव्या अंकात काय होतं ते बाबांनी चक्क उलगडून सांगितलं होतं. मला आठवतं, मी भिंतीला डोकं टेकलं होतं आणि भिंतीला फिनेलचा वास होता, आणि मला फार वाईट वाटलं. बाबा थकले, असं वाटलं. ज्या माणसाने आयुष्यभर समजावून सांगितलं नाही तो आता शाळामास्तरासारखा समजावतोय. मला त्यांची लाज राखायची होती. "चौथी वाचू?" काकांनी विचारलं. समोरून नर्स येत होती, हातात ट्रे घेऊन. "नको काका, कळलं मला," मी म्हटलं. "काढा."

कळलं मला. गेले चार महिने हे दोन शब्द माझ्या तोंडात कडू गोळीसारखे अडकलेले आहेत. सदर छापून आलं तेव्हा बाबांना बारीक अक्षर दिसेनासं झालं होतं. वर्तमानपत्र त्यांनी नुसतं हातात धरलं, अंगठा कागदावरून फिरवला आणि विचारलं, "शेवट कसा वाटला?" मी उशीचा अभ्रा सारखा करत होते. "छान," मी म्हटलं. "शेवटची ओळ?" "छान आहे, बाबा." ते काही वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग दुसऱ्या दिवशी पांढऱ्या फुलांचा एवढा मोठा गुच्छ आला की तो खोलीत ठेवायला जागा नव्हती. कार्डावर लिहिलं होतं: द्वारपालाचा नमस्कार. मी ते वाचून दाखवलं आणि बाबा हसायला लागले. हसता हसता खोकला आला, खोकल्याने डोळ्यांत पाणी आलं. मग म्हणाले, "ते वाचूनही फुलं पाठवली? मग माणूस मोठा आहे गं. मी उगाच इतकी वर्षं..." आणि वाक्य सोडून दिलं. मी तेव्हा बोलायला हवं होतं. फुलदाणी आणायला म्हणून मी बाहेर गेले. आठ दिवसांनी ते गेले. शहराला तो लेख निरोपाचा वाटला. बाबांनी जाता जाता पुन्हा साहेबांना द्वारपाल म्हटलं, वीस वर्षांनीही मत बदललं नाही, असं शोकसभेत तीन जण बोलले. मी पहिल्या रांगेत बसून मान हलवत होते.

प्रकाशकांच्या टेबलावर नेहमीप्रमाणे तीन चहाचे कप होते, त्यांतला एक ताजा. "या ताई. उशीर केलात, पण ठीक आहे. मुखपृष्ठ बघा, बाबा काय झकास दिसतात." मी प्रुफांचा गठ्ठा उघडला आणि शेवटचं पान काढलं. म्हटलं, या लेखात चार ओळी घालायच्या आहेत, मूळच्याच. प्रकाशकांनी चष्मा काढला. भला माणूस. घाबरला की चष्मा काढतो. "ताई, रविवारी प्रकाशन साहेबांच्या हस्ते आहे. तुम्हीच हो म्हणालात." म्हणाले होते खरी. त्या दिवसांत मी सगळ्यालाच हो म्हणत होते. "आणि शेवटचं पान गच्च भरलंय. एक ओळ वाढली तरी नवा फर्मा लागेल, सोळा पानं. कुठून आणू सोळा पानं? बरं, ओळी आहेत कुठे?" तीन ओळींचा मला अर्थ आठवत होता, शब्द नाहीत. चौथी तर मी ऐकलीच नव्हती. मी काकांना फोन लावला. ते आता निवृत्त झालेत, मागे कुकरची शिट्टी ऐकू येत होती. "अगं, ते हस्तलिखित ना? बाबा गेल्यावर संपादकांनी साहेबांना भेट दिलं. चौकट करून देणार होते. शेवटचं लिखाण, डाव्या हाताचं, म्हणून." मग म्हणाले, "चौथी ओळ मला आठवत नाही बाळ. पण मी तेव्हा थांबलो होतो वाचताना, एवढं आठवतं."

मी साहेबांच्या कार्यालयात कशी गेले ते मला नीट सांगता येणार नाही. बाहेरच्या बाकावर बसलेले लोक हातात अर्ज घेऊन होते आणि माझ्या हातात काही नव्हतं, एवढंच सारखं जाणवत होतं. चिठ्ठीवर मी माझं नाव लिहिलं नाही. द्वारपालवाल्यांची मुलगी, असं लिहिलं. पाच मिनिटांत बोलावणं आलं. साहेब भिंतीवरच्यापेक्षा बारीक होते, आणि खुर्चीतून उठून उभे राहिले. "बसा ताई. बाबांची छत्री माझ्याकडे आहे अजून. द्यायची राहिली." ती छत्री माझी होती, पण ते सांगायचं राहून गेलं, कारण त्यांच्या मागे, भिंतीवर, काचेखाली बाबांचं पडलेलं कुंपण होतं. सोनेरी पट्टीची चौकट, आत रुंद पांढरा पुठ्ठा. मी उभी राहून ओळी मोजल्या. मुकादमच ना. द्वारपाल अजून जागाच आहे, या छापून आलेल्या शेवटच्या वाक्यापर्यंत येऊन पुठ्ठा सुरू होत होता.

"खालच्या चार ओळी झाकल्यात," मी म्हटलं.

"हो. चौकटवाला म्हणाला, साहेब, बसत नाहीत. मी म्हटलं, झाक." ते सहज बोलत होते, पत्ता सांगावा तसं. "मला वाटलं होतं छापताना संपादक घाबरले. घाबरट आहे तो. की दुसऱ्या कुणी कापल्या?"

"मी कापल्या."

"घाबरून?"

"नाही. कळलं म्हणून."

साहेब हसले, कुत्सितपणे नाही, दमल्यासारखे. "मी कॉलेजात ते नाटक केलंय ताई. द्वारपाल मीच होतो. स्पर्धेला तासाभराची मर्यादा, पाचवा अंक बसेना. कापला. चौथ्यावर पडदा पडला आणि पोरांनी मला खरंच खांद्यावर घेऊन गावभर फिरवलं. पाचवा माझा पाठ होता, अख्खा. पण कुणी विचारलंच नाही. तेव्हा कळलं, चौथ्यावर पडदा पाडता आला पाहिजे." त्यांनी टेबलावरच्या घंटीकडे हात नेला आणि परत घेतला. "तुमच्या बाबांना हे मी तळ्याकाठी सांगितलं होतं. त्यांना फार आवडलं. म्हणूनच तर नाव दिलं त्यांनी."

हे मला माहीत नव्हतं. बाबांनी कधी सांगितलं नव्हतं. मला एकदम त्या संध्याकाळी दिसल्या, डासांचे थवे, माझ्या छत्रीखाली बसलेले दोघे, आणि नाटकाबद्दल बोलायला कुणी भेटलं म्हणून उजळलेला बाबांचा चेहरा. एकतीस वर्षं ते ज्या वाचकासाठी लिहीत होते तो हा होता की काय? मी, माझी लाल पेन्सिल, सोमवारी सकाळी हसणारं शहर, आम्ही सगळे चौथ्या अंकापर्यंतचे. आणि शेवटपर्यंत पाठ असलेला हा एकटाच. मला त्या माणसाचा राग यायला हवा होता. त्याऐवजी मत्सर वाटला आणि त्याचीच जास्त भीती वाटली.

"मला त्या ओळी हव्यात. पुस्तकात घालायच्या आहेत."

मला वाटलं होतं ते टाळतील. त्यांनी उठून चौकट भिंतीवरून उतरवली, टेबलावर पालथी घातली, कागद कापायच्या सुरीने मागची पट्टी सोलली आणि पुठ्ठा बाजूला केला. "घ्या उतरवून. मी रविवारी येतोच आहे. सगळ्यात जोरात टाळ्या मी वाजवीन." मग खिडकीकडे जाऊन, माझ्याकडे पाठ करून, "छापा खुशाल. शेवटच्या पानापर्यंत कोण पोचतं, ताई? तुम्ही पोचला नाहीत."

चार ओळी. डाव्या हाताच्या, उतरत्या. नाटक इथे संपत नाही. पाचव्या अंकात कळतं की द्वारपाल जागा होता तो शत्रूसाठी, कारण वेशीचं दार उघडायला माणूस जागा लागतो. दार त्याने उघडलं हे खरं; पण चौथ्या अंकानंतर टाळ्या वाजवून जे घरी गेले त्यांनी ते त्याच्या हाती दिलं होतं. आणि चौथी ओळ, सगळ्यांत लहान, इतकी लहान की खरं तर ती ओळसुद्धा नव्हती: पहिली टाळी माझी होती.

मी ती किती वेळ बघत होते कोण जाणे. ते समजावणं नव्हतंच. ती कबुली होती. इतकी वर्षं लांबच्या रस्त्याने जाणाऱ्या माणसाने एकदाच सरळ रस्त्याने जायचं ठरवलं होतं, जमत नसलेल्या हाताने, आणि मी दारातच त्याला अडवून म्हटलं होतं, कळलं मला. शेवटची ओळ कशी वाटली, असं त्यांनी दोनदा विचारलं होतं. माफी मागितलेला माणूस समोरच्याच्या तोंडाकडे बघतो तसे बघत होते ते. आणि मी अभ्रा सारखा करत होते. मी ओळी उतरवल्या. मग दुसऱ्यांदा उतरवल्या, प्रत्येक शब्दावर बोट ठेवून ताडून पाहिल्या. साहेब खिडकीशीच होते. मी निघाले तेव्हा त्यांनी वळून न बघता विचारलं, "बाबांनी माझ्याबद्दल काही म्हटलं होतं का? शेवटी?" माणूस मोठा आहे गं. ते वाक्य माझ्याजवळ होतं. ते वाक्य माझ्या कापलेल्या चार ओळींवर उभं होतं. "नाही," मी म्हटलं. खोटं बोलण्याची मला सवय झाली आहे असं वाटून मी जिना भराभर उतरले.

साडेचार वाजता प्रकाशकांच्या टेबलावर मी कागद ठेवला. त्यांनी चष्मा काढला, लावला, पुन्हा काढला. "फर्मा, ताई," ते म्हणाले. "साहेबांचं सोडा, ते मी बघेन. पण फर्म्याला कुठे सांगू?" शेवटच्या लेखाखाली तिरप्या अक्षरात माझी एक टीप होती. मीच लिहिली होती. बाबांचा हा अखेरचा लेख, छापण्यापूर्वी त्यांचे संदर्भ नेहमी मी तपासत असे, हाही लेख जसाच्या तसा देत आहोत, कन्या. मी मोजल्या. चार ओळी भरल्या. मी लाल पेन्सिल काढली आणि टिपेवर आडवी रेघ मारली, मग आणखी एक, कागद फाटेल इतकी दाबून. "हे काढा. त्या जागी हे बसेल." प्रकाशकांनी ओळी मोजल्या, बोटाने, ओठ हलवत. "बसतंय की," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा सुटला. चहा सांगायला ते अर्धे उठलेसुद्धा. "द्या, लगेच पाठवतो छपाईला. सही करा इथे."

"आधी वाचा."

"वाचेन ना. पुस्तक हातात आल्यावर निवांत वाचेन. आता पाच वाजताहेत."

मी पान धरून ठेवलं. ते आपल्याकडे ओढत होते, हलकेच, हसत. बाहेर रस्त्यावर कुठेतरी गाडीवरच्या भोंग्यातून तेच दोन शब्द येत होते, जवळ येत होते.

"आत्ता वाचा," मी म्हटलं. "मोठ्याने. शेवटच्या ओळीपर्यंत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग खाली बसले, चष्मा लावला आणि वाचायला लागले. तिसऱ्या ओळीच्या शेवटी ते थांबले. मी पानावरचा हात काढला नाही.